लेकीचं दुखणं आणि माझी दुरुस्ती

मुलीसाठी आणलेला दूध काढायचा पंप मी दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

माझं फुलसावंगीत फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. पाठीवरचे हातपंप, चार्जिंगचे पंप, त्यांची नोझलं, वायसर, नळ्या. कपाशीवर फवारणी सुरू झाली की दुकानापुढे पंपांची रांग लागते आणि एकेक जण येऊन म्हणतो, "मिस्तरी, पाहा बरं जरासं, हवाच धरत नाही." इतकी वर्षं हेच ऐकत आलोय, त्यामुळे पंप धरत नाही असं कुठूनही कानावर आलं की माझा हात आपोआप पान्याकडे जातो. हा माझा गुण आहे असं मी समजत होतो.

त्या सकाळी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा पंप काही कामाचा नाही. इतकं दाबलं, थेंबभर आलं." तिने तो धुऊन, उकळून, फडक्यावर पालथा घातला आणि ती नातीच्या आंघोळीकडे गेली. मी पंप उजेडात धरून पाहिला. खाली बाटली, वर नरसाळं, बाजूला दाबायचा दांडा. बनावट साधी. आणि नरसाळ्याच्या मानेवर सुईने पाडावं तसं एक बारीक भोक. दांडा दाबला की तिथून फुसफुस हवा जायची. मला मनातून फार बरं वाटलं. आठवडाभर घरात बायकांचंच काहीतरी चाललं होतं, त्यात मला कुणी विचारत नव्हतं, आणि आता नेमका माझ्या खात्यातला बिघाड सापडला होता. कंपनीची चूक, दुसरं काय. नळासाठी आणून ठेवलेली पांढरी टेप घरातच होती. ती मी मानेभोवती घट्ट गुंडाळली, नरसाळं स्वतःच्या दंडावर ठेवून दांडा दाबला. कातडीवर लालभडक गोल उमटला आणि नरसाळं सोडता सुटेना. मी खूश झालो. पुन्हा धुऊन, होता तसा पालथा ठेवून, पडवीत चहा घेऊन बसलो. आता आतून शाबासकी येईल म्हणून.

आतून आला तो मुलीचा आवाज. ओरडणं नव्हतं ते. श्वास घेता घेता मध्येच तुटला तर जसा आवाज होईल, तसा. पाठोपाठ काहीतरी फरशीवर आपटलं. मग बायको बाहेर आली, हातात पंप, आणि बाटलीच्या तळाशी जे दूध होतं त्यात लाल धार होती.

"याले कोणी हात लावला?"

मी म्हणालो, "हवा मारत होता."

तिने ते दूध मोरीत ओतलं आणि आत गेली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

मुलीचं हे पहिलंच बाळंतपण. जावई यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात कामाला, म्हणून ती सातव्या महिन्यातच इकडे आली होती. नात झाली. वजन थोडं कमी, बाकी सगळं ठीक. दवाखान्यातून सोडताना नर्सबाई म्हणाल्या, अंगावरचंच पाजा, पोरगी बारीक आहे, पुढच्या आठवड्यात वजनाला आणा. मुलीने मान हलवली. घरी आली आणि दुसऱ्याच दिवसापासून दुखणं सुरू झालं. पोरगी तोंड लावायची आणि आमची मुलगी खाटेचा पाइप मुठीत धरून डोळे मिटायची. हे मी पाहिलेलं नाही, बायकोने सांगितलं. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीला पडदा असतो आणि बापाने पडद्याच्या अलीकडेच राहायचं असतं. मी अलीकडून नुसतं ऐकायचो. आधी पोरीचं रडणं, मग ते बंद झालं की मुलीचा 'स्स्' असा आवाज. एक थांबलं की दुसरं सुरू. मला तर दोन्ही चालू असलेलं परवडायचं, कारण मधल्या त्या क्षणात मी हातातला चहा खाली ठेवून वाट पाहायचो.

येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, असंच असते, सवय होते. एक जण म्हणाली, "आताच्या पोरी नाजूक. आम्ही पाजता पाजता भाकरी थापल्या." बायकोने तिला चहा दिला, साखर जास्त घातली, आणि म्हणाली, "होय ना बाई, तवाच तुमच्या भाकरी आतून कच्च्या राहत होत्या." साजूक तूप लावून झालं, अंगावरचंच दूध लावून वाळवून झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पुढची पाजायची वेळ आली की पुन्हा तेच.

जावयाचा रोज फोन यायचा.

"बाबा, काय झालं तिला? ती नीट सांगत नाही."

"तब्येत जरा..." मी म्हणायचो.

"तब्येत काय?"

"म्हणजे, तब्येत."

"अच्छा, तब्येत," तो म्हणायचा. मग आम्ही दोघं कपाशीवर आणि पावसावर बोलून फोन ठेवायचो. दोन मोठी माणसं, पण नेमकं कुठं दुखतंय ते एकालाही तोंडातून काढता येईना.

विहीणबाईंनी काळजीने सांगितलं, वरचं दूध सुरू करा, पोरीची उपासमार नको. मी मेडिकलमधून डबा घेऊन आलो. चुकीचं काहीच नव्हतं त्यात, कितीतरी लेकरं त्यावर वाढतात. पण मुलीने तो पाहिला आणि पडद्याआडून म्हणाली, "आई, तो डबा माझ्यासमोरून उचल. मले दूध बंद नाही करायचं. मले फक्त दुखायले नको." तिला धाक होता तो हाच. एकदा वरचं सुरू केलं की आपलं आटेल, आणि मग आपण हरलो. आणि आम्हाला दोघांना धाक होता तो नातीच्या वजनाचा. म्हणून मग मधला मार्ग निघाला, उजव्या बाजूला भेग पडून जास्त दुखतंय, तर तिकडचं पंपाने काढायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. त्या मधल्या मार्गावर मी टेप घेऊन उभा होतो.

पंपाच्या त्या सकाळनंतर तिने उजव्या बाजूला पोरीला लावलंच नाही. हात लावू देईना. भेग चांगलीच रुंदावली होती. दूध तर काही थांबायला तयार नव्हतं, ते आत साठत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात एका पंपाची नळी काढत होतो तेव्हा बायकोचा फोन आला. "गाडी सांगा. उमरखेडले जायचं. लेक थरथर कापून राह्यली, अंगात ताप आहे, अन् ती बाजू दगडासारखी झाली."

मी पाना टाकला आणि पळत घरी आलो. दारातच बायको उभी.

"आधी आंघोळ."

"अवं, तिले ताप आहे अन् तू आंघोळ..."

"म्हणूनच. दुकानातून आले तुम्ही."

हा आमच्या घरचा नियम होता, नात आली त्या दिवसापासूनचा. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पंपात औषधाचा वास असतो, फवारणीचं औषध, आणि ते हाताला, शर्टाला, केसाला कुठे किती लागलंय ते कळत नाही. आंघोळ केल्याशिवाय मला खोलीच्या पडद्यापर्यंतही येऊ देत नव्हते. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवतोय, आत मुलगी कुडकुडतेय, आणि मी मोरीत बसून नखांत साबण घासतोय. तेव्हा मनात एक विचार आला आणि हात थांबले. ती टेप घरातली होती, पण पंप हातात धरला तेव्हा माझे हात? सकाळची वेळ होती, दुकानात गेलो नव्हतो, हे मला नक्की आठवत होतं. तरी मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. ते दूध नातीच्या पोटात गेलं नव्हतं, मोरीत गेलं होतं, हेही आठवलं. त्याच मोरीत मी बसलो होतो.

उमरखेडच्या रस्त्याला खड्डे आहेत हे मला माहीत होतं, पण इतके आहेत हे त्या दिवशी कळलं. मी पुढे बसलो होतो. मागे मुलगी, छातीवर हात आडवा धरून, पाय वर घेऊन. बायकोच्या मांडीवर नात. प्रत्येक खड्ड्याला मागून तोच 'स्स्' यायचा आणि मी गाडीवाल्याला म्हणायचो, "हळू रे बाप्पा." शेवटी तो म्हणाला, "काका, याहून हळू म्हणजे उतरून ढकलावं लागते."

डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. मग मलाही आत बोलावलं. बायकोने पिशवीतून पंप काढून टेबलावर ठेवला. तो तिने सोबत घेतला होता हे मला माहीत नव्हतं. बाईंनी तो फिरवून पाहिला.

"हे भोक कोणी बुजवलं?"

बायको वर पंख्याकडे पाहू लागली. मुलगी इतक्या तापात म्हणाली, "ते तसंच होतं, मॅडम."

"मी बुजवलं," मी म्हणालो. "मले वाटलं हवा मारते."

"हवा सोडायलाच आहे ते. बोट ठेवलं की ओढतो, बोट उचललं की सोडतो. तुम्ही सोडायची सोयच बंद केली. दांडा थोडा जरी दाबला तरी कातडी धरून बसणार तो." त्यांनी टेप नखाने सोलायला घेतली. ती निघेना. "काम पक्कं केलंय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "असं भोक सगळ्याच पंपांत असते काय?" धंद्याचा प्रश्न होता, तोंडातून निघून गेला. बायकोने पंख्यावरची नजर माझ्याकडे वळवली. 

मग बाई गंभीरपणे बोलल्या. आत दूध तुंबून गाठ झाली आहे आणि जखमेतून संसर्ग गेला आहे. औषध चालू करू, ते बाळाला चालतं. गाठ अजून पिकल्यासारखी वाटत नाही. पण परवापर्यंत ताप उतरला नाही, गाठ मऊ झाली नाही, तर सोनोग्राफी करावी लागेल, आणि पू असेल तर काढावा लागेल.

"काढावा म्हणजे?" मी विचारलं.

"छोटासा चिरा द्यायचा."

मुलीने विचारलं ते वेगळंच. "मॅडम, दूध बंद करावं लागेल काय?"

"उलट. त्याच बाजूने पाजायचं. बंद केलं म्हणून तर तुंबलं."

"त्याच बाजूनं?" मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतं ते पाजल्यानं नाही, चुकीचं धरल्यानं दुखतं. तुझी पोरगी नुसतं टोक चावतेय. काका, तुम्ही बाहेर बसा. मी हिला दाखवते कसं धरायचं."

मी बाहेर बसलो. आतून बराच वेळ बाईंचा आवाज येत होता. तोंड मोठं उघडू दे. अजून. हनुवटी आधी. आता पोरीला जवळ आण, तू वाकू नकोस. दुखलं? काढ. बोट घालून सोडव, ओढू नको. पुन्हा. असं बऱ्याचदा झालं. बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने मला विचारलं, काय झालं हो तुमच्या पेशंटला? मी म्हणालो, "दूध पाजताना दुखते तिले. गाठ झाली." तो म्हणाला, "अच्छा." एवढंच. माझ्याही तोंडाला काही झालं नाही.

दुकान मी बंद ठेवलं. ऐन फवारणीचे दिवस, लोकांचे फोनावर फोन. "मिस्तरी, पंप झाला काय?" मी म्हणायचो, हात रिकामा नाही. ते खरंच होतं. माझ्या हातात ओला पंचा असायचा. पाजायच्या आधी थोडा वेळ कोमट शेक, पाजून झालं की थंड पट्टी, असं बाईंनी सांगितलं होतं. बायको आत पोरीला धरायची, उशा लावायची, आणि मी पडद्याच्या अलीकडून पंचा पिळून आत हात घालायचो. हातातला पंचा आतून ओढून घेतला जायचा. पहिल्याच वेळी मुलगी म्हणाली, "बाबा, हा शेक आहे का चटका?" पुढच्या वेळी मी मनगटावर लावून पाहिला, तर ती म्हणाली, "आता थंडा झाला. तुम्हाले मधलं काही जमते का नाही?" मला तिचं टोचून बोलणं फार गोड वाटलं. ताप कमी असेल तेव्हाच ती टोचून बोलायची.

पण दुपारी ताप पुन्हा चढला. सकाळी अंग गार लागलं होतं, मी जावयाला फोन करून सांगूनही टाकलं होतं, आणि जेवणं होतात तोवर मुलगी पुन्हा गोधडी मागू लागली. बायको म्हणाली, औषधाला वेळ लागते. ती हे मला सांगत होती की स्वतःला, कळेना. माझ्या डोक्यात 'छोटासा चिरा' बसला होता. छोटासा म्हणजे केवढा? मी तिच्या लहानपणापासून तिच्या पायातला काटासुद्धा कधी काढला नाही, तिची आईच काढायची, मी तोंड फिरवून कंदील धरायचो. अन् आता हे मी करून बसलो होतो.

जावयाचा फोन आला. मी म्हणालो, "ताप पुन्हा आला. उजव्या बाजूच्या छातीत गाठ आहे, दूध तुंबून झालेली. पंप मी बिघडवला, त्यानं जखम वाढली." तो मग म्हणाला, "मी रात्रीच्या गाडीनं निघतो." मी म्हणालो, "ये. पण आल्या आल्या आंघोळ कर, नाहीतर सासूबाई दारातून आत घेणार नाही."

पडद्यापलीकडून मुलीने ऐकलं असावं. ती म्हणाली, "बाबा, भेग तर आधीच पडली होती. तुम्ही फक्त जराशीक मोठी केली."

"तू बोलू नको, आराम कर."

"बोललं की दुखत नाही तेवढं. बोला तुम्हीच काही."

 मग मी तिला दुकानातलं सांगत बसलो. एक माणूस पंप घेऊन आला, म्हणे चालत नाही, अन् पाहिलं तर त्यानं बॅटरीच बसवली नव्हती. एकानं नोझल उलटं लावून स्वतःच्याच अंगावर फवारलं, तेही नशीब पाणी भरून पाहत होता म्हणून. तिला हसू आलं आणि हसताना दुखलं, तर ती म्हणाली, "हसवू नका." मग मी कंटाळवाणं सांगू लागलो, वायसर किती प्रकारचे असतात ते. बोलता बोलता आत पोरीला लावलं होतं. तो 'स्स्' आला, पण लांबला नाही. मी थांबलो. "बोला ना," ती म्हणाली. मी पुढचे वायसर सांगितले.

जावई आला तो मध्यरात्रीच्या गाडीने, आधीची चुकली म्हणून. आंघोळ करून आत गेला आणि माझं पंच्याचं काम त्याने घेतलं. त्याला तर पडद्याच्या आतच मुभा होती. मी पडवीत रिकामा बसलो आणि रिकाम्या माणसाला येतात ते सगळे विचार मला आले. डॉक्टरीणबाईंनी दिलेला परवाचा दिवस उजाडायचा होता. उमरखेडला पुन्हा जावं लागलं तर गाडी कोणाची सांगावी, इथपासून पुढे.

उजाडल्यावर मात्र मी सवयीने पातेल्यात पाणी कोमट करून, पंचा पिळून पडद्याशी गेलो, जावई अजून झोपलेला होता. हात आत घातला. पंचा कोणीच ओढून घेतला नाही.

"काहून?" मी विचारलं. "ताप वाढला काय?"

"बाबा, गप्प बसा जरासे," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "ती उजव्या बाजूनं पिऊन राह्यली. मधात बोलाल तर सोडून देईल."

मी हात तसाच आत ठेवून उभा राहिलो. पंच्याचं पाणी माझ्या पायावर गळत होतं. आत घोट घेतल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, आणि दुसरा कोणताही आवाज नव्हता.

थोड्या वेळाने बायको बाहेर आली आणि पडवीत माझ्या शेजारी बसली. ताप नाही म्हणाली. गाठ कणकीसारखी मऊ झाली. भेग आहे अजून, पहिले दोन घोट दुखतेच, मग नाही. आज वजनालाही नेऊन आणू, आता चिऱ्याचं काही नाव काढू नका. तिचे डोळे लाल होते. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच टेकून बसली होती.

मी विचारलं, "तुले असं दुखलं होतं काय, हिच्या वेळी?"

"मंग काय."

मला एकदम ती बस आठवली. मुलगी महिन्याची झाली तेव्हा मी या दोघींना आणायला सासुरवाडीला गेलो होतो. ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा. परत येताना एसटीत ही खिडकीकडे तोंड करून बसली, पोरीला पदराखाली घेऊन, आणि सगळ्या वाटेत माझ्याकडे पाठ. मी मध्ये भजी आणली, ती घेतली नाहीत. उशीर केला म्हणून रुसली, असं मी तेव्हापासून समजत आलो होतो. चारचौघांत गंमत म्हणून सांगितलंही आहे, आमची ही कशी रुसते ते. ते मी तिला म्हणालो.

"मी रुसली नव्हती," ती म्हणाली. "सिटावर तुम्ही पसरून बसता. तुमचं कोपर लागू नये म्हणून तिकडे वळून बसली होती."